प्रिंटरने हात सोडल्यावर कागदाचं काय होतं?

जून उजाडला की आमच्या दुकानापुढे रांग लागते. उत्पन्नाचा दाखला, डोमिसाईल, सातबारा, आठ-अ, कॉलेजच्या प्रवेशाचे फॉर्म. आणि नेमका त्याच आठवड्यात मिरग लागतो. मालवणात झेरॉक्स-प्रिंटिंगचं दुकान चालवायचं म्हणजे कागद आणि पाऊस एकाच मुहूर्तावर पडायला लागतात, हे धरूनच चालावं लागतं.

मागच्या जुलैत एका आजींना सातबारा छापून दिला. त्यांनी तो हातात घेतला तर दोन्ही कडा वर येऊन कागदाची चक्क पन्हळ झालेली. आजी म्हणाल्या, "झिला, ह्यो कागद पापडासारखो कित्याक झालो?"

मी हसून दुसरी प्रत काढली. तीही तशीच. तिसरी काढायला गेलो तर ती बाहेर येताना आधीच्या वाकड्या कागदाला अडकली, मागे दुमडली आणि प्रिंटरने लाल दिवा लावून काम बंद केलं. दोष टोनरचा म्हणजे छपाईच्या पुडीचा नव्हता, ती पूड कागदावर उतरवणाऱ्या ड्रमचा नव्हता, कॉम्प्युटरचाही नव्हता. अडचण झाली होती ती वरच्या ट्रेमध्ये. छापून झालेले कागद जिथे येऊन पडतात त्या साध्या प्लॅस्टिकच्या खळग्यात. प्रिंटर विकत घेताना त्याच्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. मीही बघितलं नव्हतं. पण त्या खळग्याचा उतार, खोली, त्यातल्या उभ्या पट्ट्या, तोंडाशी असलेले बारीक दातांचे चक्र, यातलं काहीच उगाच नसतं. आणि आजींनी पापडाची उपमा देऊन अर्धं उत्तर तिथल्या तिथे सांगून टाकलं होतं.

आधी एक गोष्ट लक्षात घेऊ. प्रिंटरच्या पोटात कागद कधीच मोकळा नसतो. रोलरची एक जोडी त्याला पकडून पुढे ढकलते, पुढची जोडी त्याची कड धरते आणि मगच मागची सोडते. साकवावरून लहान पोराला पलीकडे नेताना अलीकडचा माणूस पलीकडच्याच्या हातात त्याचा हात देतो आणि मगच आपला सोडतो, तसं. म्हणूनच आतल्या दोन जोड्यांमधलं अंतर कागदाच्या लांबीपेक्षा नेहमी कमी ठेवलेलं असतं. हे सगळं शेवटच्या जोडीपर्यंत. तिच्यापुढे हात धरायला कोणी नाही. तिने कागद सोडला की त्यापुढचा वीतभर प्रवास तो गुरुत्वाकर्षण, हवा आणि स्वतःच्या अंगातल्या ओलाव्याच्या भरवशावर करतो. ट्रे बनवणाऱ्याचं काम म्हणजे हातातून सुटलेल्या वस्तूला न धरता वळण लावणं. म्हणून ते दिसतं त्याहून अवघड आहे.

ती वस्तूही कसली? ए-४ कागद २१० बाय २९७ मिलिमीटरचा. ७५ जीएसएमचा म्हणजे चौरस मीटरला ७५ ग्रॅम वजनाचा. अशा एका पानाचं वजन पाच ग्रॅमही भरत नाही, जाडी मिलिमीटरचा दहावा भाग. एवढी हलकी आणि एवढी पसरट वस्तू हवेत सोडली की ती सरळ खाली येत नाही, तरंगते. मिनिटाला २० पानं छापणारा प्रिंटर दर तीन सेकंदांनी असं एक पान सोडतो, ४० छापणारा दीड सेकंदाने. म्हणजे पुढचं पान तोंड बाहेर काढायच्या आत आधीच्या पानाने खाली बसून, मागे सरकून, वाट मोकळी करून दिलेली असायला हवी.

आता पापड. कागद म्हणजे लाकडाच्या किंवा बगॅसच्या, म्हणजे उसाच्या चिपाडाच्या, तंतूंचा थर, आणि हे तंतू पाण्याचे हपापलेले. पावसाळ्यात आपल्या घरांची दारं फुगतात ती रुंदीत फुगतात, उंचीत नाही, हे कोकणात कुणाला सांगायला नको. लाकडाचा तंतू ओलाव्याने जाडीला फुगतो, लांबीला जवळजवळ नाही. कागदातही तेच. कारखान्यात कागदाचा लगदा धावत्या जाळीवर पसरतो तेव्हा बरेचसे तंतू जाळीच्या धावण्याच्या दिशेने लांबट होऊन बसतात. त्यामुळे कागदालाही लाकडासारखी रेषा असते. रेषेच्या दिशेने तो फारसा फुगत-आकसत नाही, आडव्या दिशेने चांगलाच. झेरॉक्सच्या कागदात ही रेषा सहसा लांब कडेला समांतर असते. म्हणून पन्हळ होते तीही लांबीच्या दिशेची. ताडून बघायचं असेल तर एकाच पानातून एक पट्टी उभी आणि एक आडवी कापा, एका टोकाने धरून ठेवा. जी जास्त लोंबेल तिच्यात रेषा आडवी आहे.

नव्या, बंद रिममधल्या कागदात साधारण ४ ते ५ टक्के पाणी असतं. मालवणच्या जुलैच्या हवेत रिम उघडी पडली की काही दिवसांत ते दुपटीवर जातं. ५०० पानांच्या रिमचं वजन साधारण २ किलो ३४० ग्रॅम. त्याचे आणखी ५ टक्के म्हणजे सव्वाशे ग्रॅमच्या आसपास. तुम्ही रिमवर एक कप चहा ओतलाय आणि तो कुणाला न दिसता आत जिरलाय असं समजा.

असा कागद लेझर प्रिंटरच्या भट्टीत जातो. भट्टी म्हणजे टोनरची पूड वितळवून कागदावर चिकटवणारे दोन रोलर, त्यातला एक साधारण १८० ते २०० अंश सेल्सियसला तापलेला. कागद त्यांच्यामधून निमिषार्धात जातो. तेवढ्यात एक बाजू तापलेल्या रोलरला टेकलेली असते, दुसरी दाबणाऱ्या रोलरला. एका बाजूचं पाणी जास्त उडतं, ती बाजू जास्त आकसते आणि कागद तिकडे वळतो. निखाऱ्यावर पापड धरला की तो आगीकडे वळतो तो याच कारणाने. आंब्याचं साठ ताटात वाळत घातलं की वरून आधी सुकतं आणि त्याच्या कडा वर उचलतात, तेही हेच. साठ आपण वेळेवर उलटतो. प्रिंटर कागद उलटत बसत नाही.

अर्थात पापडाइतकं हे सरळ नाही. भट्टीतला एक रोलर कडक आणि एक मऊ असतो, त्यामुळे दोघांच्या फटीतून जाताना कागदाला मुळातच थोडा बाक मिळतो. टोनर म्हणजे शेवटी प्लॅस्टिकच, तेही थंड होताना आकसतं. जिथे छपाई गच्च तिथे त्याची ओढ जास्त. त्यातून टेबलावरच्या प्रिंटरमध्ये कागद खालून येतो आणि वर येऊन उलटा वळून ट्रेमध्ये पालथा पडतो. गरम, वाफाळलेला असतानाच त्याला हे वळण घ्यावं लागतं. वेत शेकून वाकवला की थंड झाल्यावर तसाच राहतो, तसं हे वळणही थोडंफार कागदाच्या अंगात राहून जातं. म्हणून एकाच रिममधला कागद एका प्रिंटरमध्ये पोटाकडे वळतो आणि दुसऱ्यात पाठीकडे. कोणती कारणं कोणावर मात करतात ते त्या त्या यंत्रावर ठरतं. पण कागदात पाणी जितकं जास्त तितकी ही सगळी ओढाताण वाढते, एवढं नक्की.

उडालेलं पाणी जातं कुठे, हाही प्रश्न आहेच. पावसाळ्यात भरभर पन्नास पानं काढली की ट्रेच्या तोंडातून पांढरट वाफ येते. गिऱ्हाईक घाबरतं, "धूर इलो!" म्हणतं. धूर नसतो तो, आपलाच चहा परत येत असतो. ही भीती अगदीच निराधार मात्र नाही. १९५९ साली बाजारात आलेल्या झेरॉक्स ९१४ या पहिल्या यशस्वी ऑफिस-कॉपियरमध्ये गरम भागात अडकलेला कागद खरोखर पेट घेई, आणि कंपनी यंत्रासोबत आग विझवण्याचं छोटं साधनही देत असे. आता तसं होत नाही. आता त्रास वेगळा. वाफ बाहेर पडायच्या वाटेवरच्या थंड प्लॅस्टिकवर थिजते, थेंब होतात, आणि पुढचं पान त्या थेंबांना चिकटून अडखळतं. सकाळी पहिल्या दहा मिनिटांत, यंत्र अजून थंड असताना, हे जास्त होतं. त्यावर उपाय पंख्याचा. पंखा म्हटला की आवाज आला. आवाज आणि भरवसा यांची पहिली ओढाताण इथे दिसते. अशा आणखी येतील.

आता कागद बाहेर येतानाची गंमत बघू. मला या सगळ्यात सर्वांत आवडलेली गोष्ट ही आहे. एक कोरा कागद एका कडेला धरून आडवा ठेवायचा प्रयत्न करा. पलीकडची कड लोंबते. आता त्याच कडेला मध्ये बोटाने दाबून हलकी पन्हळ करा. कागद लगेच ताठ होऊन पुढे सरळ उभा राहतो. सपाट पत्रा छपरावर टाकला तर तो वाकतो, पन्हळी पत्रा माणसाचं वजन पेलतो. कागद तोच, पत्रा तोच, नुसत्या आकाराने ताकद आली. प्रिंटरच्या तोंडाशी जे शेवटचे रोलर असतात ते नीट बघा. खालचे आणि वरचे रोलर बरोब्बर समोरासमोर नसतात. थोडे डावी-उजवीकडे सरकवलेले असतात, किंवा मधे जास्त व्यासाची चाकं घातलेली असतात. त्यांच्यातून जाताना कागदाला दोन-तीन उथळ लाटा पडतात. या लाटांच्या जोरावर तो वीतभर हवेत ताठ जातो, मधेच नाक घालत नाही. रोलरमधून सुटला की लाटा मोडतात आणि तो सपाट होऊन खाली बसतो.

पन्हळ किती खोल करायची ही मात्र नाजूक गोष्ट. कमी पडली तर पातळ कागद बाहेर येता येताच मान टाकतो, त्याची पुढची कड खालच्या गठ्ठ्यावर आपटते आणि गठ्ठाच पुढे ढकलून देते. जास्त झाली तर जाड कागदावर कायमच्या रेघा उमटतात, शिवाय कागद कुरकुरतो. कुरकुर म्हणजे आवाजच. आमच्याकडे लग्नपत्रिकेचा जाड कागद आला की मी प्रिंटरचं मागचं दार उघडतो. कागद वळण न घेता सरळ मागे निघून जातो. उताणा पडतो, क्रम उलटा लागतो, पण वाकत नाही आणि आवाजही करत नाही.

लाटांमधली ताकद संपली की पान पडतं. पडताना हवा त्याला अडवते. हिशेब केला तर पाच ग्रॅमचं सपाट पान हवेत कितीही उंचावरून सोडलं तरी साधारण सेकंदाला एक मीटरपेक्षा जास्त वेग घेत नाही. गठ्ठ्याजवळ आल्यावर तर खालची हवा बाहेर पडायला वेळ लागतो, म्हणून ते आणखी हळू होतं आणि क्षणभर हवेच्या गादीवर तरंगतं. ही गादी वरदान आहे आणि कटकटही. वरदान अशासाठी, की तिच्यामुळे पान न आपटता अलगद बसतं आणि घर्षण जवळजवळ नसल्याने उतारावरून सहज मागे सरकतं. कटकट अशासाठी, की तरंगणारं पान डावी-उजवीकडेही भरकटतं. दुकानातला पंखा थेट ट्रेवर असेल तर विचारूच नका. माझ्या दुकानात दोन वर्षं पानं वाकडीतिकडी पडत होती आणि मी रोलरला शिव्या घालत होतो. दोष टेबल-फॅनचा होता.

ट्रेला उतार असतो तो आपल्या बाजूला उंच आणि प्रिंटरच्या बाजूला खोल. पान पडलं की घरंगळत मागे जावं, मागच्या भिंतीला टेकावं आणि गठ्ठा एका रेषेत लागावा, हा हेतू. उतार किती असावा? कागदावर कागद सरकताना घर्षणाचा अंक साधारण ०.५ धरला तर कागद आपोआप घसरायला सुमारे २७ अंशांचा उतार लागतो. हवेच्या गादीमुळे त्याहून कमीतही भागतं, पण दमट दिवसात, वाकड्या कागदाला गादी नीट मिळत नाही. मग उतार सरळ ४५ अंश का करत नाहीत? कारण मग बाहेर येणाऱ्या पानाची पुढची कड समोरच्या चढणीवर आपटते. शिवाय प्रिंटर उंच होतो, आणि उंच प्रिंटर दुकानदाराला नको असतो. म्हणून बऱ्याच ट्रेमध्ये उतार मागे तीव्र आणि पुढे सौम्य असा वाकलेला ठेवतात.

पान मागे सरकलं तरी एक धोका उरतो. त्याची शेवटची कड रोलरच्या तोंडाशीच रेंगाळली तर पुढचं पान तिला घेऊन आत-बाहेर गोंधळ घालतं. तिला खाली पाडायला कुणीतरी हवं. त्यासाठी रोलरच्याच दांड्यावर दातेरी चक्रं बसवलेली असतात. कागद जात असताना त्यांचे दाते दबून असतात किंवा कागदाखालून निसटत राहतात. शेवटची कड आली की दाता तिला टपली मारून खाली ढकलतो. 'टक्' असा जो बारीक आवाज प्रत्येक पानामागे येतो, त्यातला एक हिस्सा या टपलीचा.

दोन्ही बाजूंनी छापताना तर हे तोंड आणखी कामाला लागतं. पहिली बाजू छापून पान तोंडातून जवळजवळ पूर्ण बाहेर येतं, थांबतं, आणि शेवटचे रोलर उलटे फिरून त्याला परत आत ओढतात. दुसरी बाजू छापायला. समोरच्या गिऱ्हाइकाला वाटतं, आपला कागद इलो! तो हात घालून ओढतो. यंत्र आत ओढतंय, माणूस बाहेर ओढतोय, आणि कागद फाटतो. मी प्रिंटरवर 'हात लावू नये' अशी पाटी लावली आहे, तीही त्याच प्रिंटरवर छापलेली आणि कडांना वर आलेली. पण ट्रेच्या दृष्टीने महत्त्वाचं हे, की पान असं बाहेर डोकावतं तेव्हा त्याला खाली पुरेशी जागा लागते. आधीच्या पानांच्या कडा पन्हळ होऊन वर आल्या असतील तर ती जागा आधीच भरलेली असते. आजींच्या सातबाऱ्याच्या तिसऱ्या प्रतीला हाच अडथळा झाला.

ट्रे भरला हे प्रिंटरला कळतं तेही उंचीवरून, पानं मोजून नव्हे. तोंडाशी एक हलकी पट्टी लोंबत असते. गठ्ठा वाढत जाऊन तिला उचलतो, तिचं दुसरं टोक आतल्या प्रकाशकिरणाच्या आड येतं किंवा त्यातून हटतं, आणि यंत्र थांबतं. दीडशे पानांचा म्हणून विकलेला ट्रे आमच्याकडे श्रावणात चाळीस पानांतच 'भरला' म्हणतो, कारण पट्टीला वाकड्या कडा आणि खरा गठ्ठा यातला फरक कळत नाही. ही पट्टी नसलेले स्वस्त प्रिंटरही मिळतात. ते पानं सरळ जमिनीवर सोडतात. आमच्याकडे जमीन म्हणजे ओल्या छत्र्यांची जागा.

इंकजेटची कथा थोडी निराळी. तिथे भट्टी नाही, उलट कागदावर पाणी पडतं. ओल्या पानावर पुढचं पान घसरवलं तर शाई फासली जाते. म्हणून तोंडाशी चपट्या रोलरऐवजी पातळ काटेरी चाकं असतात, ती शाईला फक्त टोकांनी टेकतात. काही जुन्या यंत्रांत तर दोन बाजूंना पंख असत. नवं पान त्या पंखांवर धरून ठेवायचं, तोवर खालचं वाळायचं, मग पंख मिटून पान खाली टाकायचं. पावसाळ्यात वाळण्याचा वेळ वाढतो, हे त्या पंखांना कुणी सांगितलं नव्हतं.

विजेच्या भाराचंही एक सांगायला हवं. आमच्या दमट हवेत कागद एकमेकांना विजेने चिकटणार नाहीत असं वाटतं, पण भट्टीतून आलेला कागद त्या क्षणी कोरडा ठणठणीत असतो. कोरडा कागद वीज वाहून नेत नाही, त्यामुळे घासताना जमलेला भार अंगावरच राहतो आणि पान मधेच दुसऱ्याला चिकटून बसतं. तोंडाशी काळ्या बारीक केसांचा ब्रश दिसतो तो धूळ झाडायला नाही. त्याच्या सूक्ष्म टोकांवरून हा भार हवेतून निघून जातो. कागदाला तो टेकायचीही गरज नसते, जवळ असला की पुरे. एका दुरुस्तीवाल्याने माझ्या यंत्राचा हा ब्रश कचरा समजून उपटून टाकला होता.

आता आवाज. खरं सांगायचं तर पत्र्यावर सर कोसळत असताना प्रिंटरचा आवाज कुणाला ऐकू येणार? पण रत्नागिरीच्या, १८२८ पासून चालू असलेल्या जिल्हा नगर वाचनालयासारख्या ठिकाणी, किंवा दवाखान्यात, किंवा आमच्या दुकानावरच्या माडीवर पुतण्या रात्री अभ्यास करत असताना, दर तीन सेकंदांनी येणारी 'टप्' डोक्यात जाते. पंख्याची एकसुरी घरघर कान विसरतो. थांबून थांबून येणारा टोला विसरत नाही. म्हणून ऑफिसच्या यंत्रांचा आवाज मोजण्याच्या आयएसओ ७७७९ या मानकात नुसती पातळी मोजत नाहीत, आवाज टोल्यांसारखा आहे का हेही बघतात.

डेसिबलचा हिशेब आपल्या बेरजेसारखा नसतो. ५० डेसिबलची दोन यंत्रं शेजारी लावली तर १०० होत नाहीत, ५३ होतात. याचा उलटा अर्थ असा, की चार आवाजांपैकी सर्वांत मोठा तसाच ठेवून बाकीचे तीन बंद केले तरी कानाला फारसा फरक पडत नाही. आधी मोठा चोर पकडायचा. तोंडाशी मोठा चोर बहुतेक वेळा कागदाची शेपूट असते. वळणातून जाताना कागद धनुष्यासारखा ताणलेला असतो. शेवटची कड वळणाच्या टोकावरून सुटली की तो एकदम सरळ होतो आणि शेपूट प्लॅस्टिकवर फटकारते. कांबीट वाकवून सोडल्यासारखं. जाड कागदाचा फटका मोठा, कारण जाडी दुप्पट झाली की वाकवायला लागणारा जोर साधारण आठपट होतो.

यावर तीन तऱ्हेचे इलाज करतात. वळण मोठं आणि सैल ठेवायचं, म्हणजे ताणच कमी पडतो. वळणाची कड एकदम न संपवता पातळ लवचिक फिल्मची पट्टी लावायची, म्हणजे शेपूट हळूहळू सुटते. आणि शेवटच्या रोलरला वेगळी मोटर देऊन कड सुटायच्या क्षणी वेग कमी करायचा. तिसरा इलाज उत्तम आणि महाग, म्हणून स्वस्त यंत्रात दिसत नाही. ज्या ताणामुळे आवाज होतो त्याच ताणामुळे पान भरकटतं आणि अडकतं. त्यामुळे हे इलाज केलेलं यंत्र शांतही होतं आणि कमी अडकतं. शांत ट्रे हा चैनीचा भाग नाही असं माझं मत इथूनच बनलं.

ट्रे स्वतःही वाजतो. पातळ, मोठा, सपाट प्लॅस्टिकचा पत्रा म्हणजे ढोलच. त्यावर उभ्या पट्ट्या उठवल्या की तो ताठ होतो, कमी घुमतो, आणि पहिलं पान सपाटीला चिकटून बसत नाही. आतल्या बाजूने नमद्याचा तुकडा चिकटवला तरी फरक पडतो.

आता जे कुठल्याही माहितीपत्रकात लिहिलेलं नसतं ते. वरचे रोलर खालच्यांवर दाबून धरायला बारीक स्प्रिंगा असतात. समुद्राच्या हवेत मीठ असतं, ते या स्प्रिंगांवर बसतं. मीठ ७५ टक्क्यांच्या वर आर्द्रता गेली की हवेतलं पाणी ओढून स्वतःच विरघळतं. आमच्याकडे पावसाळ्यात आर्द्रता त्याच्या वरच असते, म्हणजे स्प्रिंग चार महिने खाऱ्या पाण्यात बुडवून ठेवल्यासारखीच. डावी स्प्रिंग उजवीपेक्षा आधी गंजली की दाब असमान होतो, पान तिरकं बाहेर येतं आणि एका कोपऱ्यावर पडतं. स्टेनलेस स्टीलची स्प्रिंग लावली की प्रश्न मिटतो, पण ती मूळ यंत्रात असती तर किंमत वाढली असती. माझ्या मते किनाऱ्यावर विकायच्या यंत्रात ती असायलाच हवी.

दुकानात मी काय करतो ते सांगतो. रिम लागेल तेव्हाच फोडतो आणि उरलेली तिच्याच वेष्टनात गुंडाळून लोखंडी कपाटात ठेवतो. कपाटात एक कमी वॉटचा जुना पिवळा बल्ब दिवसरात्र चालू असतो, आई लोकरीच्या कपड्यांच्या कपाटात लावायची तसा. मोठ्या कॉपियरमध्ये कागदाच्या खणालाच असा हीटर बसवता येतो, तत्त्व तेच. कागद फार वळत असेल तर गठ्ठा उलटा करून घालतो, बऱ्याचदा तेवढ्याने भागतं. प्रिंटरच्या सेटिंगमध्ये पातळ कागदाचा पर्याय निवडला की भट्टी थोडी कमी तापते आणि वळणं कमी होतं, फक्त टोनर बोटाने पुसून जात नाही ना ते बघायचं. आणि ट्रे भरायची वाट न बघता वीस-पंचवीस पानं झाली की उचलतो.

पुतण्याला मात्र रात्रीची ती 'टक्' सहन होईना. भंगारात काढलेल्या एका जुन्या प्रिंटरवर त्याने प्रयोग केला. दातेरी चक्राचे दाते कानशीने घासून गुळगुळीत केले. प्रिंटर खरंच शांत झाला. आम्ही दोघं ट्रेपाशी बसून पानं मोजत होतो. चौदाव्या पानाची शेपूट तोंडाशी रेंगाळली, पंधराव्याने तिला आत घेतलं आणि लाल दिवा लागला. त्याने मुकाट्याने प्रिंटर बंद केला, भंगारातूनच दुसरं चक्र शोधून बसवलं, आणि दुसऱ्या दिवशी माडीवर आपलं टेबल खिडकीकडून पलीकडच्या भिंतीला हलवलं.